दम धरा

सीपीआरच्या मागच्या इमारतीत, वर जायला
चोवीस पायऱ्या. मोजल्या, कारण
बाराव्या पायरीवर कठडा धरावा लागला,
आणि नुसतंच उभं राहणं बरं दिसेना
म्हणून भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा फलक
या वयात सगळा वाचून काढला.

पोरगी माझ्या धाकटीएवढी.
नाकाला चिमटा लावते, पुठ्ठ्याची नळी तोंडात देते.
"काका, खोल श्वास घ्या. दम धरा.
आता फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून"
अशी ओरडते की तालमीतला वस्ताद आठवावा.

तीनदा फुंकायचं असतं.
तीनातला चांगला आकडा धरतात.

"विडी किती वर्षं?"
म्हटलं, बाई, मी जिनगोंडा आदगोंडा मगदूम,
आमच्यात चातुर्मासात कांदा चालत नाही, विडी कुठली.
तिनं लिहिलं, नाही.
त्याखाली व्यवसाय. एवढीशी रेघ.
तिच्यावर 'फायरमन' मावलं.

चप्पल ओळीतलं दुकान मावलं नाही,
कातड्याचा आणि सोल्युशनचा तो धूर,
चार दिवस भाकरीला चामड्याची चव.
उद्यमनगरातलं रंगाचं गोदाम.
कारखान्यावरचा बगॅसचा ढीग, वरून विझलेला,
आत आठवडाभर जळणारा.
आणि यार्डातला गूळ.

गुळाचं काय सांगू.
रव्यावर रवे वितळून रस्त्यावर आलेले,
बूट उचलला की तार सुटायची.
दस्तगीर म्हणाला, "मर्दा, जळतंय, पण काय ग्वाड!"
हसलो आम्ही, तोंड उघडून, छाती भरून.
मास्क दोन होते, माणसं पाच.

आणि तेही ज्वाळा असेपर्यंतच.
विझली की साहेब पंचनाम्याला लागायचे,
बघे घरी जायचे,
आम्ही उघड्या तोंडानं
टिकावानं ढीग उकरत राहायचो,
कुठं निखारा लपलाय का बघत.
मग तिथंच उकिडवं बसून चहा.
नंतरचं जास्त वाईट असतं
हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.
आम्हाला वाटायचं, संपलं.

घरी सुगंधा वर्दी वेगळ्या बादलीत भिजवायची.
तीन पाणी काळं, चौथं राखाडी,
पाचव्याला म्हणायची, निघालं.
एकदा म्हणाली,
"कापड आहे म्हणून निघतं."
मी आमटी ओरपत होतो.
आणखी थोडी वाढ म्हणालो.

"काका, हा शेवटचा."

अठरा वर्षांचा असताना
पंचगंगेच्या घाटावरून बुडी मारली की
पार तिसऱ्या देवळापाशी वर यायचो.
काठावरची पोरं घाबरायची.
ती घाबरावीत म्हणून
आणखी थोडा वेळ खालीच थांबायचो.
तो थोडा वेळ
कुठं खर्च झाला, हिशेब लागत नाही.

मशीन चिठ्ठी बाहेर टाकतं.
एक रेघ वर जाते, आणि उतरताना
मध्येच झोळीसारखी आत पडते.
"सरळ उतरायला पाहिजे," पोरगी म्हणते,
पेनानं दाखवते, कुठून कुठे.

बाहेर बाकावर दस्तगीर. पुढचा नंबर त्याचा.
"किती मार्क पडले?"
"पासष्ट."
"फर्स्ट क्लास की रं, खुळ्या!"
तो हसला, हसता हसता खोकला लागला,
थांबेना.
मी पाठीवर हात ठेवला.
धुरात शेजारचा दिसेनासा झाला की
असाच ठेवायचो आम्ही,
आणि तो खांदा हलवायचा, म्हणजे, आहे.

आतून पोरीनं त्याचं नाव पुकारलं. परत पुकारलं.
मी दाराशी गेलो.
"बाई," म्हटलं, "जरा दम धरा."